आधी गोष्ट, मग गोंद: 1968 च्या डॉज चार्जरचं मॉडेल बांधताना

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये मार्च महिन्यात कुठल्याही दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये उभं राहा आणि गाड्यांच्या मागच्या चाकांच्या आसपास बघा. चाकाच्या कमानीपासून बंपरपर्यंत पांढरी, खरखरीत पुटं चढलेली दिसतील. ते मीठ असतं. बर्फ वितळावं म्हणून हिवाळाभर रस्त्यांवर टाकलेलं. पुण्याहून इथे आलो त्या पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, गाडी धुतली की झालं. मग दहा-बारा वर्षांच्या गाड्यांचे पत्रे जवळून पाहिले आणि कळलं, की मीठ सांधीकोपऱ्यात जाऊन बसतं आणि आतून पत्रा खात राहतं. डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची मोठी खाण आहे. मीठ या लेखात पुन्हा येणार आहे, पण स्वयंपाकघरातलं.

मसल कारचं मॉडेल म्हटलं की बहुतेक नवखी मंडळी खोक्यावरच्या चित्रासारखी चकचकीत गाडी बांधायला घेतात. त्यात गैर काहीच नाही. पण मला विचाराल तर पहिलंच मॉडेल एखाद्या काल्पनिक, पण पटेल अशा इतिहासासकट बांधावं. गोष्ट ठरली की रंग कोणता, चाकं कोणती, सीट कुठे फाटलेली, गंज कुठे धरलेला, हे प्रश्न एकेक करून सुटत जातात. गोष्ट नसली की माणूस किटमधला प्रत्येक चमकदार भाग गाडीला लावतो, आणि गाडी कोणाचीच वाटत नाही.

मसल कार म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मध्यम आकाराची, दोन दारांची, साध्या कुटुंबाला परवडेल अशी अमेरिकन गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं व्ही-8 इंजिन बसवायचं. 1964 च्या पॉन्टियॅक जीटीओपासून ही लाट आली असं साधारणपणे मानतात. पुढच्या आठ-दहा वर्षांत विम्याचे वाढलेले हप्ते, धुराबाबतचे नवे कायदे आणि 1973 ची तेलबंदी या तिन्हींनी मिळून ती ओसरली.

या लेखासाठी मी 1968 ची डॉज चार्जर आर/टी, म्हणजे चार्जरची जास्त ताकदीची आवृत्ती, घेतली आहे. मला ती त्या काळातली सगळ्यात देखणी गाडी वाटते. मधोमध किंचित दबलेली कंबर, दारावर कोरल्यासारखे दोन खोलगट खड्डे, पुढची दिव्यांची झाकणं बंद असली की सलग काळी दिसणारी जाळी, आणि मागे चार गोल लाल दिवे. ते गोल दिवे 1968 चेच. 1969 मध्ये ते लांबट झाले.

गोष्ट लिहा

खोकं उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि गाडीची गोष्ट लिहून काढा. पानभर पुरे. तीन प्रश्नांपासून सुरुवात करा: ही गाडी कोणी आणि कसल्या पैशातून घेतली? ती रोज रात्री कुठे उभी राहायची? ती कधी थांबली आणि का? दुसरा प्रश्न लोक विसरतात, आणि गाडीचा चेहरामोहरा तर त्यानेच ठरतो. झाडाखाली उभी राहणारी, रस्त्याच्या कडेला उभी राहणारी आणि गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली, या तिन्ही गाड्या दहा वर्षांनी एकमेकींना ओळखणार नाहीत.

माझ्या चार्जरची गोष्ट अशी. 1968 चा एप्रिल. डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅमक गावात ‘डॉज मेन’ नावाचा प्रचंड कारखाना आहे. तिथे लाइनवर काम करणारा चोवीस वर्षांचा एक तरुण स्वतःच्याच कारखान्यात बनलेली चार्जर घेतो. गडद हिरवी, काळं व्हिनाइलचं छत, शेपटीला वेढा घालणारे पांढरे पट्टे, आत काळ्या सीट. पहिले तीन हिवाळे तो तीच गाडी चालवतो, कारण दुसरी घ्यायची ऐपत नाही. उन्हाळ्यात शुक्रवारी रात्री वुडवर्ड अव्हेन्यू. डेट्रॉइटहून उत्तरेला पॉन्टियॅक गावाकडे जाणाऱ्या या सरळ, रुंद रस्त्यावर त्या काळी सिग्नल ते सिग्नल शर्यती लागत. 1970 मध्ये तो मूळची चाकं काढून क्रॅगरची क्रोम चाकं घालतो. मग लग्न, मग मुलगी. 1974 च्या हिवाळ्यात बर्फावरून घसरून पुढचं डावं मडगार्ड चेपतं. भंगारातल्या एका सोनेरी चार्जरचं मडगार्ड आणून तो बसवतो आणि ‘पुढच्या महिन्यात रंगवू’ म्हणतो. तो महिना येत नाही. 1980 च्या जानेवारीत डॉज मेन बंद होतं. त्याच आठवड्यात गाडी घरामागच्या लाकडी गॅरेजमध्ये ढकलली जाते.

कारखाना, तो बंद झाल्याचा महिना, रस्ता, चाकं हे सगळं खरं आहे. माणूस माझा आहे. काल्पनिक इतिहास उभा राहतो तो अशाच खऱ्या खुंट्यांवर.

आता हा कागद पुन्हा वाचा आणि प्रत्येक वाक्याला विचारा: याची गाडीवर खूण कुठे आहे? तीन हिवाळ्यांची खूण चाकांमागच्या पत्र्यावर. वुडवर्डची खूण मागच्या रुंद टायरांत आणि किंचित वर उचललेल्या शेपटीत. मडगार्डची खूण तर उघडच. मुलीची खूण मागच्या सीटवर. ज्या वाक्याची खूण सापडत नाही ते खोडा, कितीही आवडत असलं तरी. उलट दिशेनेही तसंच. उद्या गाडीवर एखादा ओरखडा काढावासा वाटला तर त्याचं वाक्य कागदावर आहे का ते बघा. माझ्या पहिल्या मॉडेलवर मी छतापासून बंपरपर्यंत सगळीकडे सारखा गंज मारला होता. हात बरा होता, पण गाडी खोटी वाटायची, आणि का ते मला वर्षभराने कळलं. गंजाला कारणच नव्हतं.

किट आणि सामान

अमेरिकन गाड्यांची बहुतेक किटं 1/25 मापाची असतात. हे माप डेट्रॉइटच्याच परिसरातलं आहे. मिशिगनमधल्या ट्रॉय गावची एएमटी ही कंपनी 1948 पासून गाड्यांच्या शोरूमसाठी लहान नमुने बनवायची. ग्राहकाला दाखवायला आणि त्याच्या मुलाच्या हातात द्यायला. त्यातूनच पुढे जोडायची किटं आली. 1968 ची चार्जर खरी 208 इंच लांब, म्हणजे सव्वापाच मीटरच्या वर. 1/25 मध्ये ती 21 सेंटिमीटर होते. पुस्तकांच्या कपाटात सहज मावते.

रेव्हेलचं 1968 च्या चार्जर आर/टीचं किट नवख्यांना झेपण्यासारखं आहे. भारतात अशी किटं हॉबीच्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतात, मात्र कायम साठ्यात असतीलच असं नाही. घेताना खोक्यावरचं वर्ष नीट बघा. 1969 चं किट घेऊन 1968 ची गोष्ट सांगता येत नाही, दिव्यांवरून लगेच कळतं. आणि ते जोडायचं प्लास्टिक किट आहे ना, याचीही खात्री करा. तयार मिळणाऱ्या धातूच्या डायकास्ट गाड्या हा वेगळा छंद.

सामान थोडकं लागतं. भाग कापायला सपाट तोंडाचा साइड कटर, पात्याचा हॉबी चाकू, एक चिमटा, 400 ते 2000 नंबरचे वॉटर पेपर, मास्किंग टेप, चांगले तीन ब्रश. प्लास्टिक जोडायला पातळ मॉडेल सिमेंट घ्या. ते प्लास्टिक वितळवून सांधा एकजीव करतं. इन्स्टंट गोंद धातूच्या तारा वगैरेंसाठी ठीक, पण काचेच्या भागांजवळ नेऊ नका, त्याच्या वाफेने काच कायमची धुरकट होते. काचांना आपला साधा पांढरा फेव्हिकॉल उत्तम. वाळल्यावर पारदर्शक होतो, आणि चुकला तर ओल्या फडक्याने पुसता येतो. स्प्रे मारताना तोंडाला रंगाची वाफ अडवणारा मास्क हवाच, आणि खोली उघडी.

धुणं आणि जुळवणं

भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला लागून येतात तिला स्प्रू म्हणतात. सगळे स्प्रू भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेलं तेल त्यांवर असतं आणि त्यावर रंग धरत नाही. मग बॉडी उजेडाकडे तिरकी धरा. मडगार्डच्या माथ्यावरून आणि मागच्या खांबांवरून केसाएवढी एक रेघ गेलेली दिसेल, तिथे साच्याचे दोन भाग मिळालेले असतात. 400 च्या पेपरने ती घासून काढा, मग 1000 ने हात फिरवा. नखाला लागते तोवर ती आहे असं समजा.

गोंद लावायच्या आधी बॉडी, चेसिस, चाकं आणि सीट बसवायचा आतला टब मास्किंग टेपने तात्पुरते जोडून बघा. गाडी जमिनीवर कशी बसते हे आत्ताच ठरवायचं. माझ्या गोष्टीतल्या माणसाने मागे रुंद टायर घातले, त्यासाठी शेपटी थोडी उचलली. मॉडेलात चेसिस आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंग यांच्यामध्ये एक-दीड मिलिमीटरची प्लास्टिकची चकती पुरते. खऱ्या गाडीत ते दीड इंचाच्या जवळपास होतं. त्याहून जास्त उचललं तर गाडी सर्कशीतली दिसायला लागते.

इंजिन

इथे एक चूक इतके लोक करतात, की वेगळं सांगायलाच हवं. डॉज ज्या कंपनीची होती त्या क्रायस्लरचं मोठं इंजिन म्हटलं की सगळे नारिंगी रंग काढतात. 1968 च्या आर/टीमधलं 440 मॅग्नम, म्हणजे 7.2 लिटरचं, त्या काळच्या मोजणीने 375 अश्वशक्तीचं इंजिन, कारखान्यातून निळसर हिरव्या, टर्क्वाइझ रंगात यायचं. नारिंगी रंग 426 हेमी या क्रायस्लरच्या दुसऱ्या मोठ्या इंजिनाचा. आपला माणूस लाइनवरचा कामगार आहे, इंजिनचा रंग त्याने बदललेला नाही. तेव्हा टर्क्वाइझच, पण बारा वर्षांच्या तेलाने काळवंडलेला. एक्झॉस्टला लागून असलेल्या भागावरचा रंग उष्णतेने जळतो, तिथे तपकिरी आणि राखाडी मिसळून ब्रश जवळपास कोरडा करून हात फिरवा.

स्पार्क प्लगच्या वायरी किटमध्ये नसतात. त्या घाला. बोनेट उघडल्यावर इंजिन खरं वाटतं ते या आठ वायरींमुळे. खरी वायर सात-आठ मिलिमीटर जाड, म्हणजे आपल्याला 0.3 मिलिमीटरची हवी. जुन्या हेडफोनच्या वायरीच्या आतले बारीक, रंगीत तारांचे धागे जवळपास त्याच जाडीचे असतात. प्लगना वीज वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर या इंजिनात पुढे, ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूला असतो (अमेरिकन गाडीत ड्रायव्हर डावीकडे). टोपीला बारीक ड्रिलने आठ भोकं आणि मध्ये एक. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-8-4-3-6-5-7-2, टोपीवर घड्याळाच्या उलट दिशेने. विषम नंबरचे सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला, सम नंबरचे पलीकडे. हे कोण तपासणार, असं वाटेल. तपासणारे भेटतात. आणि एकदा ऑर्डर लावली की वायरी खऱ्या गाडीत जशा एकमेकींवरून जातात तशाच जातात, वेगळं काही मांडावं लागत नाही.

चेसिसवर मी फार वेळ घालवत नाही. एवढं मात्र करा: खालचा पत्रा गुळगुळीत काळा करू नका. कारखान्यात बॉडीवर रंग मारताना त्याचे फवारे कडांवरून खाली जायचे, त्यामुळे पोटाखाली प्रायमरच्या, म्हणजे अस्तराच्या, मंद रंगावर कडेकडेने बॉडीचा हिरवा उडालेला असायचा. त्यावर आता बारा वर्षांचा चिखल.

गंज आधी, रंग नंतर

खऱ्या गाडीवर रंग आधी असतो आणि गंज नंतर येतो. मॉडेलात उलटं करायचं. आधी गंज रंगवायचा, त्यावर गाडीचा रंग चढवायचा, आणि मग जिथे गंज वर आलाय तिथला रंग काढून टाकायचा. हे काम मिठाने होतं.

पहिल्यांदा जागा ठरवा. मीठ जिथे साठतं आणि जिथून निघत नाही तिथेच पत्रा सडतो. चार्जरवर त्या जागा अशा: मागच्या चाकामागचा खालचा कोपरा, चाकांच्या कमानींच्या कडा, पुढच्या मडगार्डचा दाराला लागून असलेला खालचा भाग, दारांची खालची कड. आणि एक जागा खास याच गाडीची. चार्जरची मागची काच दोन उतरत्या खांबांच्या मध्ये खोल बसवलेली आहे. दिसायला अप्रतिम, पण पाणी आणि बर्फ नेमकं तिथे थांबतं. त्यातून वर व्हिनाइलचं छत, म्हणजे ओल आत अडकलेली. काचेच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत या गाड्या हमखास सडलेल्या सापडतात, आणि पाणी तिथून डिकीत उतरतं. माझ्या गोष्टीत सगळ्यात जास्त गंज म्हणूनच तिथे आहे, आणि बोनेटच्या मधोमध अजिबात नाही.

सडून आरपार गेलेलं भोक दाखवायचं असेल तर त्याची तयारी प्रायमरच्याही आधी. खऱ्या गाडीचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाड, म्हणजे आपल्या मापात 0.04 मिलिमीटर, कागदापेक्षाही पातळ. किटचं प्लास्टिक त्याच्या पंचवीस-तीसपट जाड असतं. नुसतं भोक पाडलं तर कड भिंतीसारखी दिसते. बॉडी उलटी धरून आतून चाकूच्या टोकाने त्या जागी प्लास्टिक खरवडत जा. मधून मधून दिव्यासमोर धरा. प्लास्टिकमधून पिवळसर उजेड झिरपायला लागला की थांबा, आणि बाहेरून सुईने टोचा. भोकाची कड आपोआप वेडीवाकडी फाटते. पूर्ण गाडीवर अशी दोनच भोकं करा.

आता प्रायमर. तो वाळला की गंजाच्या जागांवर गडद तपकिरी रंग द्या. त्यावर स्पंजच्या तुकड्याने विटकरी, मग अगदी थोडा नारिंगी टिपा. जुना गंज काळपट तपकिरी, ताजा नारिंगी, म्हणून नारिंगी कडांना आणि कमी. एक दिवस वाळू द्या, वर पारदर्शक क्लिअरचा हलका हात मारा, पुन्हा वाळू द्या.

मग मीठ. नेहमीचं बारीक मीठ घेऊ नका, त्याचे दाणे सारखे असतात आणि खूण शिक्के मारल्यासारखी दिसते. खडेमीठ खलबत्त्यात ओबडधोबड कुटा, म्हणजे मोठे-लहान खडे आणि भुकटी सगळं येतं. 0.3 मिलिमीटरचा एक कण खऱ्या गाडीवर साडेसात मिलिमीटरची खपली होतो, हे डोक्यात ठेवूनच टाका. गंजाच्या जागेवर ब्रशने साबणाचा थेंब टाकलेलं पाणी लावा. चिमटीने मीठ सोडा, जिथे सडणं जास्त तिथे दाट, वर जाता जाता विरळ. ब्रशच्या टोकाने खडे थोडे सरकवा. पाणी वाळलं की खडे चिकटून राहतात. सैल कण फुंकून काढा. या क्षणी बॉडीकडे बघाल तर चाकामागे तीच पांढरी, खरखरीत पुटं दिसतील, मार्चमधल्या पार्किंगमध्ये दिसतात तशी. मी दर वेळी इथे दोन मिनिटं थांबतो.

आता गाडीचा रंग. स्प्रे कॅन असेल तर कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवून हलवून घ्या, म्हणजे फवारा एकसारखा येतो. 20-25 सेंटिमीटरवरून, हात थांबू न देता, बॉडीच्या बाहेरून सुरुवात करून बाहेरच संपवा. पहिला हात इतका पातळ की खालचा प्रायमर दिसावा. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. मिठावर ओला जाड थर देऊ नका. पाण्यात मिसळणारा रंग असेल तर मीठ विरघळायलाच लागतं, म्हणून इथे थिनरमध्ये विरघळणारा लॅकर बरा. आणि हवा बघा. पुण्यात एका जुलैमध्ये, बाहेर पाऊस धरलेला असताना, मी गॅलरीत काळा रंग मारला. तासाभरात त्यावर पांढरट धुकं चढलं. हवेतली ओल रंगात अडकते, त्याचा हा परिणाम. महाराष्ट्रात पावसाळ्यात कोरडी उघडीप मिळेल त्या दुपारची वाट बघा. इकडे मिशिगनमध्ये अडचण उलटी, जानेवारीत गॅरेजमध्ये इतकी थंडी असते की रंग दाण्यादाण्यांनी बसतो.

बॉडीचं प्लास्टिक एकसंध असल्याने सोनेरी मडगार्ड वेगळं रंगवता येत नाही. बॉडीवर मीठ असतानाच त्यावर टेप लावला तर खडे उखडतील. म्हणून पुढचं डावं मडगार्ड मीठ टाकण्याआधीच सोनेरी करून, वाळवून, टेपने झाकून ठेवा. दाराच्या आणि बोनेटच्या फटीच तुमची सीमारेषा. एक बारकावा: पुढच्या मडगार्डवरचा बाजूचा दिवा 1968 मध्ये गोल आणि 1969 मध्ये आयताकृती होता. तुमच्या गोष्टीतलं मडगार्ड 1969 च्या गाडीचं असेल तर तो दिवाही आयताकृती करा. तशा एका दिव्यामुळे जाणकार गाडीजवळ वाकून उभा राहतो. माझ्या माणसाला 1968 चंच मिळालं.

रंग रात्रभर वाळू द्या. सकाळी कोमट पाण्याखाली धरून जुन्या टूथब्रशने आणि नखाने मीठ घासा. खडा सुटतो, त्याच्याबरोबर वरचा हिरवा सुटतो आणि खालचा गंज उघडा पडतो, कडांवर रंगाचे बारीक कंगोरे सोडून. असे कंगोरे ब्रशने काढताच येत नाहीत.

शेवटी ओघळ. कॅम्लिनच्या तैलरंगातला बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करा, मात्र त्याआधी बॉडीवर क्लिअरचा थर हवा. खपलीखाली टाचणीच्या टोकाएवढा रंग ठेवा आणि कोरड्या ब्रशने सरळ खाली ओढा. ओघळ जमिनीकडेच जातो, कारण तो गाडी उभी असताना पडतो. तिरका ओघळ दिसला की पाहणाऱ्याला काही तरी चुकलंय एवढं नक्की जाणवतं.

छत, क्रोम, आतली बाजू

व्हिनाइलच्या छतासाठी औषधाच्या दुकानातली कागदी मायक्रोपोर टेप घ्या. तिचा पोत त्या मापात छान बसतो. छतावर चिकटवून कडा चाकूने कापा, मंद काळा रंग द्या. मागच्या काचेच्या कोपऱ्यात टेपची कड किंचित उचला आणि खाली गंजाचा रंग भरा. व्हिनाइल तिथूनच सुटायला लागतं.

किटमधलं क्रोम आरशासारखं असतं. बारा वर्षं चाललेल्या बंपरसाठी ते फार झालं. बंपर आणि जाळीच्या कडांवर काळ्या तैलरंगाचा पातळ हात देऊन पुसून घ्या, आणि बंपरच्या खालच्या बाजूला सुईच्या टोकाने गंजाचे ठिपके द्या. क्रॅगर चाकं मात्र चमकत ठेवा. ती त्याची हौस होती. दर रविवारी तो ती पुसायचा. काचांभोवतीच्या बारीक पट्ट्यांना चांदीचा रंग ब्रशने देण्यापेक्षा बेअर-मेटल फॉइल, म्हणजे धातूचा अगदी पातळ, चिकट कागद लावा. पट्टीपेक्षा मोठा तुकडा बसवून कॉटन बडने दाबा, नवीन पात्याने कड कापा. पातं जुनं असेल तर फॉइल फाटते.

आत ड्रायव्हरची सीट दाराकडच्या कडेला झिजते, कारण उतरताना माणूस त्या कडेवरून घसरतो. तिथे राखाडी घासा आणि एक बारीक फाटका सांधा दाखवा. शेजारची सीट जवळपास नवी. वस्तू तीनपेक्षा जास्त ठेवू नका. मी मागच्या सीटवर एक लहान घोंगडी ठेवली, पातळ टिश्यू पेपर फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवून घडी घातलेली. पुढे डबा, पायाशी एक पाना. गॅरेजमध्ये पडून राहिलेल्या गाडीत पसारा हवा असं वाटतं, पण हा माणूस गाडी विकायची नाही असं ठरवून तिथे ठेवून गेलाय. त्याने ती आवरून ठेवली असणार.

पुढच्या दिव्यांची झाकणं खऱ्या गाडीत व्हॅक्यूमवर चालायची, आणि रबरी नळी चिरली की झाकण अर्ध्यात अडकायचं. एक डोळा अर्धा उघडा ठेवायचा मोह होईल. त्यासाठी जाळी कापून मागे दिवे घडवावे लागतात. पहिल्या मॉडेलात ते करू नका, जाळी मोडली तर दुसरी मिळत नाही.

धूळ

चेसिस, टब, बॉडी एकत्र झाली, चाकं समतल आहेत हे काचेच्या तुकड्यावर ठेवून बघितलं, काचा फेव्हिकॉलने बसवल्या, की शेवटचं काम उरतं. मऊ पेस्टल खडू, एक राखाडी आणि एक मातकट, पॉलिश पेपरवर घासून भुकटी करा. मोठ्या मऊ ब्रशने ती वरून सोडा. फक्त वरून, कारण बंद गॅरेजमध्ये धूळ वरूनच बसते. छत, बोनेट, डिकी आणि मागच्या खिडकीचा खोलगट भाग भरपूर, दारांवर जवळपास काही नाही. आधीच्या चिखलाचा रंग आणि ही धूळ वेगळी दिसली पाहिजे. चिखल त्याने चालवलेल्या वर्षांचा आहे, आणि धूळ त्यानंतरच्या.

मग कॉटन बड किंचित ओला करा. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर, तळव्याने पुसावं तसा एक छोटा अर्धगोल पुसून काढा. माझ्या कागदावरचं शेवटचं वाक्य त्यासाठी आहे: मुलगी मोठी होऊन परत येते, गॅरेजचं दार उघडते आणि काच पुसून आत बघते.